दोन्हीकडून सारखं पान

आमच्या बाबांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, आणि सत्तरी उलटल्यावर त्यांच्याच घराच्या भिंती खडबडीत करायची पाळी माझ्यावर आली. रंगारी होते ते. ‘होते’ म्हटलेलं त्यांना खपत नाही, तर आहेत म्हणू. हातात ब्रश नाही, पुट्टीची पत्ती नाही, पण कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरून तळवा फिरवणार आणि मग घरमालकाला नमस्कार. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही व्याह्यांच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाले होते, “पेपर नीट मारलेला नाही.” पेपर म्हणजे पॉलिश पेपर. माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

मला ते कात्री म्हणतात. मी कपड्यांच्या कारखान्यात फर्मे कापते. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा साचा, ज्याच्यावरून बाह्या, कॉलर, पाठी सगळं कापलं जातं. कात्री हे नाव माझ्या धंद्यावरून पडलं की जिभेवरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काय उत्तर येईल ते ठाऊक आहे.

तर काचबिंदूने बाबांचा डावा डोळा आधीच गेलेला. उजव्यातून किलकिल्या दारातून दिसावं तेवढं दिसतं, असं डॉक्टर म्हणाले त्याला सात-आठ महिने झाले. पुढची तारीख आली की बाबांचं पोट दुखायचं, नाहीतर डॉक्टरच गावाला गेलेला असायचा. “मला दिसतंय,” म्हणायचे. “तू आज चिडलेली आहेस तेसुद्धा दिसतंय.” ते दिसायला डोळे कशाला लागतात? मी बोलते कशी ते शेजारच्या इमारतीत ऐकू जातं.

आणि मग एका मंगळवारी सकाळी बाबा जिन्यावरून पडले.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पलंग, तिथून अठरा फूट लांब पॅसेज, मध्ये डावीकडे स्वयंपाकघर, आणि टोकाला दोन दारं खांद्याला खांदा लावून उभी. उजवं बाथरूमचं, डावं जिन्याचं. बाबांनी डावं उघडलं. नशीब चांगलं म्हणून चौथ्या पायरीवर अडकले. खालच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई राहतात, त्यांना वाटलं वरची पाण्याची टाकी निसटली. त्या धावत आल्या तर बाबा पायरीवर बसून म्हणतात कसे, “जरा बसलो होतो. हवा छान आहे.” कोपर सोललेलं, चप्पल तळमजल्यावर.

हाड मोडलं नव्हतं. एक्स-रे काढला, त्यात कोपर अगदी देखणं आलं होतं.

संध्याकाळी दादा आला. माझा मोठा भाऊ. त्याच्याबद्दल वाईट बोलायची मला खुमखुमी आहे, पण बोलण्यासारखं काही नाही, हीच पंचाईत. नवव्या मजल्यावर घर, लिफ्ट, बाबांसाठी वेगळी खोली दोन वर्षांपासून तयार. गादीसुद्धा आणून ठेवलेली, अजून तिचं प्लास्टिक काढलेलं नाही.

“बाबा, आता पुरे. चला.”

“मला दिसतंय.”

“म्हणून जिन्यात बसला होतात?”

बाबांनी भिंतीला तळवा लावला. मग म्हणाले, “तुझ्या घरात माझा हात कशालाच लागत नाही रे. सगळं कपाट आणि काच. भिंत कुठंय?”

दादाला यातलं काही कळलं नाही. मला कळलं. या घराच्या प्रत्येक भिंतीला बाबांनी स्वतः पेपर मारला आहे. आई गेली तेव्हा माणसं निघून गेल्यावर त्यांनी आतली खोली पुन्हा रंगवायला काढली होती, आणि आम्ही दोघं दारात बसून बघत होतो. ते रडताना मी तेव्हा एकदाच पाहिले, तेही रंगकामाच्या उंच घोडीवर, म्हणजे शिडीवर चढून. तिथून त्यांना उपटून नवव्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर ते महिन्यात सुकतील, हे मला लख्ख दिसत होतं. माझ्याकडे चला म्हटलं तर म्हणतात, “तुझ्या भिंतीला ओल आहे.” आहे, खोटं कशाला बोलू.

शेवटी दादा म्हणाला, “ठीक आहे. जोवर तुम्हाला थोडंतरी दिसतंय आणि घरातल्या घरात तुमचं तुम्हाला जमतंय, तोवर राहा. पण दिसायचं थांबलं की एक शब्द न बोलता माझ्याकडे. या नाही, पुढच्या रविवारी येतो. तुम्ही माझ्यासमोर घरभर फिरून दाखवायचं. नाही जमलं तर बॅग भरायची.”

“कबूल,” बाबा म्हणाले.

माझ्याकडे बारा दिवस होते.

कल्पना माझीच. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. कारखान्यात आम्ही फर्म्याच्या कडेला खाचा पाडतो, अंधारात हात घातला तरी पाठ कुठली आणि पुढची बाजू कुठली ते बोटांना कळतं. मनात आलं, भिंतीलाच खाचा पाडल्या तर? पण बाबांच्या भिंतीला खाच पाडायची म्हणजे त्यांच्या गालावर चरा काढण्यासारखं. म्हणून म्हटलं, खाच नको, नक्षी. स्टेन्सिल कापायची, तिच्यातून पुट्टी भरायची, स्टेन्सिल उचलली की भिंतीवर उठावाची नक्षी राहते. हात ठेवून चालत जायचं. पॅसेजभर पानं, बाथरूमच्या दाराशी तीन थेंब, आणि जिन्याच्या दाराशी उभे गज. गज लागले की थांबायचं.

बाबांना सांगितलं तर आधी नाक मुरडलं. “मी चाळीस वर्षं लोकांच्या भिंतीवरचे फुगवटे काढले, आणि तू माझ्या घरात फुगवटे आणणार?”

“मग बसा नवव्या मजल्यावर.”

“उंची किती ठेवणार?” त्यांनी लगेच विचारलं.

स्टेन्सिलसाठी काहीतरी चिवट आणि पातळ हवं होतं. पुठ्ठा पुट्टीने भिजतो. तेवढ्यात टेबलावर कोपराचा एक्स-रे दिसला. हाड मोडलेलं नाही, मग तो ठेवून काय आरती ओवाळायची? घेतला आणि कापला. पान मी घडीवर कापलं. कागदाची घडी घालायची, अर्धंच पान काढायचं, कापायचं, उलगडायचं, दोन्ही बाजू तंतोतंत. मी तर दोनदा घडी घातली, म्हणजे डावं-उजवं सारखं, आणि पुढचं टोक नि मागचं टोकही सारखं. एकवीस वर्षं घडीवर कापतेय, सुताचा फरक निघणार नाही. तो एक्स-रे खिडकीशी धरून बघितला तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं. कोपराच्या हाडात पान.

आणि पानं मी पॅसेजच्या दोन्ही भिंतींना लावायची ठरवली. एकाच भिंतीला नक्षी म्हणजे एकाच बाहीला लेस. तसलं काम माझ्या हातून होत नाही.

पहिला आठवडा पुट्टीत गेला. कारखान्यातून सुटले की थेट इथे. बाबा पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे. “कंबरेच्या वर वीतभर. तुझ्या नाही, माझ्या कंबरेच्या.” “पत्ती तिरकी धर, सरळ धरलीस तर कडेखाली पुट्टी शिरेल.” “उचल आता. सरळ उचल! ओढू नकोस, बाई, ती काय चादर आहे?” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण त्यांचं ऐकलं तेव्हाच कडा स्वच्छ निघाल्या. आणि खरं सांगू? ते ओरडत होते तेवढे दिवस मला बरं वाटत होतं. आई गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

तेहतीस पानं झाली. मग थेंब, मग गज.

दुसऱ्या आठवड्यात रंग. हिरवा आणते, असं बाबांना सांगून मी निघाले होते. दुकानात बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं, तर रंगवाल्याने भिंतीचा रंग विचारला. म्हटलं, फिका निळा. तो म्हणाला, “त्यावर हिरवा आजोबांना दिसायचाच नाही. पिवळा न्या, चांगला भडक.” पटलं. पिवळा घेतला. घरी येऊन डबा उघडला, ब्रश बुडवला, कामाला लागले. रंग बदललाय हे सांगायचं काय त्यात, समोरच तर होता. बाबा स्टुलावर बसून वास घेत होते. मी विचारलं, “कसा लागतोय?”

“छान,” ते म्हणाले. “अंगावर येत नाही.”

तो पिवळा असा होता की मला रात्री डोळे मिटल्यावरही दिसत होता. पण म्हटलं, म्हाताऱ्याला आवडला, आपलं काय जातंय.

बुधवारी काम संपलं. गुरुवारी, शुक्रवारी कारखान्यात मोठी ऑर्डर निघायची होती, मला सुटी मिळेना. शनिवारी दुपारी आले. जिना चढतानाच दारात पांढरी भुकटी दिसली. आत पाऊल टाकलं तर पॅसेजभर भुकटी, पांढरी आणि पिवळी, आणि बाबा जमिनीवर मांडी घालून, हातात पॉलिश पेपर, भुवयांवर पीठ पसरल्यासारखी पुट्टी.

पानं अर्धी गायब होती. प्रत्येक पान. एक टोक तसंच, दुसरं घासून घासून भिंतीला मिळालेलं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही. “हात शिवशिवतात का तुमचे? आठ दिवस मी इथे मरत होते! पाठीचा काटा ढिला झाला माझा! आणि तुम्हाला एक फुगवटा सहन होत नाही? उद्या दादा येणार आहे, काय दाखवणार त्याला, भुकटी? जा, जा नवव्या मजल्यावर, तिथे काच पुसत बसा!”

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “झालं? आता डोळे मिट आणि हात लाव.”

“नाही लावत.”

“कात्री. हात लाव.”

लावला. पलंगाच्या बाजूने निघाले तर बोट पानाच्या उंच टोकावर चढलं आणि घसरत घसरत भिंतीला मिळालं. पुढचं पानही तसंच. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. “आता उलटी फीर,” बाबा म्हणाले. फिरले. आता पान आधी हळूच वर आलं आणि टोकाशी बोट खटकन कड्यावरून खाली पडलं.

“गुळगुळीत उतरलं की बाथरूमकडे,” बाबा म्हणाले. “कड्यावरून पडलं की पलंगाकडे. तुझं पान दोन्हीकडून सारखं होतं, आणि दोन्ही भिंतींना सारखं. बघायला झकास असेल. पण गुरुवारी बाथरूमला निघालो, मध्यात होतो तेव्हा फोन वाजला. मागे वळलो, तो बंद पडला, पुन्हा वळलो, आणि मग कुठे तोंड करून उभा आहे तेच कळेना. पानं धरून गेलो तर पलंग आला. पुन्हा निघालो.”

खिडकीतल्या दोरीवर त्यांचा पायजमा वाळत होता. धुतलेला, नीट पिळलेला, चार चिमटे लावलेला. मला स्वतःची लाज वाटली. एकवीस वर्षांच्या हाताची मिजास होती ना मला, ती सगळी त्या दोरीवर टांगलेली दिसत होती.

“मला सांगायचं नाही का?” एवढंच म्हटलं.

“तू एवढ्या हौसेने कापलं होतंस,” बाबा म्हणाले.

मी झाडू घेतला. भुकटी भरली, आणि मग दिवेलागणीपर्यंत घासलेल्या प्रत्येक टोकाला पिवळ्याचा हात दिला. बाबांनी केलेले उतार इतके एकसारखे होते की मला दोनदा पट्टी लावून बघावंसं वाटलं.

रविवारी दहाला दादा आला. काखेत मोठी रिकामी बॅग, घडी घातलेली. आल्या आल्या पॅसेज बघून तो जागच्या जागी थबकला. “हे काय केलंयस गं?”

“तुझी परीक्षा आहे ना? बस आणि बघ.”

बाबा पलंगावरून उठले. हात भिंतीला लावला आणि निघाले. घाई नाही, चाचपडणं नाही. स्वयंपाकघरात वळले, पेला भरून आणला, दादाच्या हातात दिला. बाथरूमपर्यंत गेले, दार उघडून दाखवलं. मग जिन्याच्या दाराकडे सरकले, गजांवर बोटं आली, थांबले, वरची कडी चाचपून म्हणाले, “लावलेली आहे.” परतताना मध्येच मुद्दाम थांबून गोल फिरले, दोनदा, पोर अंगणात फिरतं तसे, आणि पुन्हा बरोबर पलंगाकडे आले. माझ्याकडे तोंड करून हसले. खरं तर माझ्याकडे नाही, दाराकडे. पण मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. माझा जीव भांड्यात पडला होता.

दादाचा चेहरा सैल झाला. परीक्षा संपली होती. तो भिंतीजवळ गेला आणि सहज, अगदी सहज म्हणाला, “रंगही सुंदर निवडलाय. तुमची निवड की हिची, बाबा?”

“माझीच,” बाबा म्हणाले. “तिला म्हटलं, हिरवाच आण. पानाला दुसरा रंग शोभत नाही.”

कुणीच काही बोललं नाही.

मी पिवळ्या पानांकडे बघितलं. मग बाबांकडे. त्यांचं तोंड तसंच खुशीत होतं, हनुवटी जरा वर, कौतुक ऐकायला बसलेल्या माणसासारखं. अरे देवा. किलकिलं दार कधीच बंद झालं होतं. किती महिने झाले असतील? त्या मंगळवारी जिन्यात पडले तेव्हाच? आणि मी त्यांच्यासमोर बसून विचारत होते, कसा लागतोय. दादाशी करार काय झाला होता तो शब्दन् शब्द मला आठवत होता, आणि दादालाही आठवत होता, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मग दादाने हातातला पेला खाली ठेवला, भिंतीला तळवा लावला आणि डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, डोळे घट्ट मिटून, नडगी स्टुलावर आपटत पॅसेजमधून चालत गेला. थेंबांपाशी थांबला. गजांपाशी थांबला. वळला, आणि पानांची कड एक एक करत परत आला. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“हो बाबा,” तो म्हणाला. “हिरवा मस्त उठलाय.”

त्याने बॅग पुन्हा काखेत मारली. चहा नको म्हणाला. मी त्याला सोडायला जिन्यात गेले, तर चौथ्या पायरीवर थांबून खालच्या आवाजात म्हणाला, “खालच्या मास्तरीणबाईंकडे एक किल्ली देऊन ठेव. गॅसच्या बटणांना पण काहीतरी खूण कर. आणि मी दर रविवारी येणार आहे, तुला आवडो न आवडो.”

“ये ना,” मी म्हटलं. रडत होते, त्यामुळे जरा जोरातच म्हटलं.

सोमवारी कारखान्यातून येताना हिरव्या रंगाचा डबा घेतला. रंगवाला म्हणाला, “सांगितलं होतं ना, दिसणार नाही.” म्हटलं, तू डबा दे. घरी येऊन पॅसेजमध्ये बसले, झाकण उघडलं. बाबा आतून भिंत धरून आले आणि माझ्या मागे थांबले.

“पुन्हा रंगाचा वास?”

“दुसरा हात मारतेय.”

“बरोबर आहे. एका हातावर काम सोडू नये.” त्यांनी चाचपून स्टूल ओढलं, बसले. मी तीन पानं केली. मग म्हणाले, “कात्री, काल तुम्ही दोघं एवढे गप्प का झालात?”

माझा ब्रश थांबला.

“आधी कुठला होता?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. “पिवळा.”

“पिवळा?” बाबा म्हणाले. “पानांना? तुला रंगातलं शष्प कळत नाही. आण तो डबा इकडे, मी धरतो.”